दारातला बर्फ आणि मूठभर मीठ



मिनेसोटात डिसेंबर लागला की घरकामात एका कामाची भर पडते: दारापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवरचा बर्फ काढणं. यंदा सासूबाई सांगलीहून आल्यात. वय 79, गुडघे दुखरे. घसरल्या तर हाड मोडायचंच. त्यामुळे वाट साफ हवीच. पण मी मिठाची पिशवी उघडली तेव्हा त्यांनी विचारलं, "अगं, एवढं मीठ वितळून जातं कुठं?"

जातं गटारात, आणि तिथून तळ्यात. इथलं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं की एक चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे जवळजवळ 19 लिटर पाणी कायमचं खराब करतं. आपण पाणी गाळून पिणाऱ्या बायका. तळ्यातल्या मासे-बेडकांचा, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा विचार दाराबाहेर कसा सोडायचा? आणि पोस्टमन किंवा म्हातारं माणूस दारात पडू देणं, हीही अहिंसा नव्हे. दोन्हीकडचं पाहावं लागतं.

म्हणून पहिला उपाय फावड्याचा. बर्फ पडत असतानाच, पायांखाली दबून घट्ट होण्याआधी, दोन-तीनदा काढायचा. भुसभुशीत असेल तर खराटाही पुरतो. जितकं फावडं जास्त, तितकं मीठ कमी.

मीठ टाकायचंच तर मोजून. 20 फुटांच्या ड्राइव्हवेला 12 औंसाचा एक कॉफीचा मग भरून मीठ पुरतं. खडे सुटेसुटे पडले पाहिजेत, ढीग नको. वाट सुकल्यावर उरलेले खडे मी झाडून परत डब्यात भरते.

टाकण्याआधी थर्मामीटर पाहा. उणे 9 सेल्सिअसच्या खाली साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही, नुसतं वाया जातं. अशा दिवशी वाळू पसरा. ती बर्फ वितळवत नाही, पण पाय घसरू देत नाही. थंडी सरली की झाडून गोळा करायची.

उकळतं पाणी मात्र ओतू नका. कडाक्याच्या थंडीत घटकाभरात त्याची काच होते. गरम पाण्यात रबिंग अल्कोहोल आणि भांड्यांच्या साबणाचे थेंब घालतात, ते पायरीवरच्या पातळ थरापुरतं ठीक. युरियाही बर्फ वितळवतो, पण तो वाहून तळ्यात शेवाळ वाढवतो.

मुनिमहाराज चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. सासूबाई म्हणतात, "तुमच्या गावात ती पाळावीच लागते बाई!" छोटी पावलं, पूर्ण तळवा टेकवून, नजर खाली. एवढ्यानं आपलं हाडही वाचतं आणि मिठाचा एखादा मगही.

जय जिनेंद्र.