फेब्रुवारीचे शंभर रुपये

महाराष्ट्रात पगारपत्रकावर दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार व्हावेत म्हणून ही शंभराची भर. सार्वजनिक वित्त हा माझा विषय, त्यामुळे ओळखीतले लोक प्राप्तिकराबद्दल हटकून विचारतात. या कपातीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

या कराला इतिहास आहे. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, बांध घालायला उतरली. मागेल त्याला काम द्यायची कल्पना वि. स. पागे यांनी आधीच मांडली होती, पण पैसा कुठून आणायचा? 1975 मध्ये व्यवसाय कर आला, जोडीला इतर काही करांवर अधिभार. या करांतून जितकं जमेल, तितकीच भर राज्याने घालायची. 1977 च्या रोजगार हमी कायद्याने हे पक्कं केलं. थोडक्यात, मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने माणदेशातल्या मजुराच्या हजेरीपटाचे पैसे भरायचे, आणि तेही कायद्याने.

सरकार मोठं की आटोपशीर, हा वाद मला इथे पोकळ वाटतो. ही योजना पावसाबरोबर फुगायची आणि ओसरायची. शेतात काम असलं की उन्हात माती उपसायला कोण येतं? म्हणून गरजू कोण हे ठरवायला दाखल्यांची फारशी गरज पडत नसे. मजुरीही खोदलेल्या मातीच्या मापावर. त्यात खोटे हजेरीपट होते, मजुरी थकायची, अर्धवट पाझर तलाव तर कितीतरी. जमलेला सगळा पैसाही योजनेवर खर्च होत नसे. तरी 1990 पासून याच योजनेतून खासगी शेतांवर फळबागा उभ्या राहिल्या, हे विसरून चालणार नाही.

2005 च्या केंद्रीय कायद्यानंतर शंभर दिवसांच्या अकुशल मजुरीचा भार दिल्लीने उचलला. कर मात्र राहिला, आणि तो कशासाठी सुरू झाला हे भरणाऱ्यांच्या गावीही नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. राज्यघटनेच्या कलम 276 मध्ये या कराची कमाल मर्यादा वर्षाला 250 रुपये होती. 1988 मध्ये ती 2500 झाली आणि तिथेच थिजली. त्यामुळे महिना अकरा हजार कमावणारा सुरक्षारक्षक उत्पन्नाच्या जवळजवळ दोन टक्के भरतो आणि महिना पाच लाखांचा व्यवस्थापक 0.04 टक्के. स्त्रियांना 2023 पासून पंचवीस हजारांपर्यंत सूट मिळाली, हे चांगलंच झालं. पण वरचं टोक हलवायचं तर घटनादुरुस्ती हवी. ती करायची संसदेने, पैसा जाणार राज्यांच्या तिजोरीत. मग दिल्लीत घाई कुणाला असणार?

मर्यादा उठली तर खालच्यांना पूर्ण माफी देऊनही वसुली वाढेल. वाढीव रक्कम मात्र पुन्हा एखाद्या ठरावीक कामालाच बांधावी, असं माझं मत आहे. अर्थखात्यातल्या मंडळींना ते मुळीच रुचत नाही. त्यांना सगळा पैसा एकाच पेटीत हवा असतो.