दर्पण कॉलनी ते झाशी, विजेवर

ग्वाल्हेरला येणारा पाहुणा जयविलास महाल पाहून आला की हमखास एकच गोष्ट सांगतो. जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी! शिंद्यांच्या पंगतीत पाहुण्यांपुढे पेयं फिरवणारी ती छोटी गाडी विजेवर चालायची. आम्ही दोन वर्षांपूर्वी विजेची मोटार घेतली, तेव्हा आई म्हणाली, "महाराजांची टेबलावरून तरी उतरत नव्हती. तुझी झाशीपर्यंत जाईल का?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. झाशी म्हणजे आईचं माहेर. मामा 84 वर्षांचे, घरी एकटे. दर दोन महिन्यांनी आईला तिकडे न्यावं लागतं. जुनी पेट्रोल गाडी विकूनच ही घेतली होती, म्हणजे माघारीची वाट नव्हती.

आधी घरचा हिशेब सांगतो, कारण भेटेल तो हेच विचारतो. दर्पण कॉलनीतली आमच्यासारखी घरं स्वतंत्र, गाडी फाटकाच्या आत उभी राहते. एसीला लागतं तसं 15 अँपिअरचं सॉकेट भिंतीवर बसवलं आणि वायर थेट मीटरपासून नवी ओढली. रात्री जेवणं झाली की लावायची, सकाळी काढायची. थाटीपूर, मुरार, सिटी सेंटर, महिन्यातून दोन-तीनदा लष्करात बाड्यावर, असं महिन्याला साधारण 800 किलोमीटर होतं. त्याला 115 ते 120 युनिट लागतात. सगळे अधिभार धरून आम्हाला युनिट आठ रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे साडेनऊशे रुपये. जुनी गाडी शहरात लिटरला 14 किलोमीटर द्यायची. तेवढ्याच फिरण्याला आज सहा हजारांचं पेट्रोल लागलं असतं. ऑइल बदलणं नाही, क्लच नाही, त्यामुळे सर्व्हिसिंगही स्वस्त.

पण गाडी घेताना तशाच पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाख जास्त मोजले होते. ते वसूल व्हायला पाच वर्षं लागतील, आणि विमा जास्त आहे तो वेगळाच. विक्रेते हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

आता झाशी. अंतर 100 किलोमीटर. बॅटरी 24 युनिटची. कंपनीच्या कागदावर तीनशेच्या वर किलोमीटर लिहिलेले आहेत, त्यावर जाऊ नका. थंडीत सावकाश चालवली तर दोनशेच्या जवळ जाते. आम्ही निघालो मे महिन्यात. ग्वाल्हेरचा मे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको, एसी बंद करणं शक्यच नव्हतं. मी ऐंशीच्या वर वेग नेला नाही. ट्रकवाले हॉर्न देऊन पुढे जात होते. डबरा मागे पडलं, सिंध नदी ओलांडली, सोनागिरचे पांढरे मंदिरकळस डावीकडे की उजवीकडे यावर बायकोचा आणि आईचा वाद झाला. माझं लक्ष फक्त टक्क्यांच्या आकड्यावर. दतियाचा महाल दिसला तेव्हा 53. मामांच्या दारात 36.

परतायला निदान 65 तरी हवेत. मामांच्या घरात सॉकेट होतं. सहा तास लावू, संध्याकाळी निघू, असा बेत. चार्जर लावला आणि लाल दिवा लागला. दुसऱ्या खोलीत लावला, तिथेही लाल. जुनं घर, तीन भोकांची सॉकेटं सगळीकडे, पण तिसऱ्या भोकाला अर्थिंगची वायरच नाही! अर्थिंग नसेल तर हा चार्जर वीज घेतच नाही.

जलद चार्जर शोधायचा, तर रस्त्यातला एक येताना पाहिला होता. त्याच्यावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला होता. चालू असता तरी तिथलं युनिट विसाच्या वर पडतं, म्हणजे घरच्या अडीचपट. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या एकाच दिवसाच्या आणलेल्या. बायको काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बोलत होता.

शेवटी मामांच्या गल्लीतला वायरमन आला. त्याने मीटर पाहिला, फ्रिजच्या मागे हात घातला आणि चटकन मागे घेतला. "बाबूजी, इसमें तो करंट आ रहा है।" मामा शांतपणे म्हणाले, "ते नेहमीचंच. मी पायात चप्पल घालून उघडतो." 84 वर्षांचा एकटा माणूस, आणि किती वर्षं हे असंच चाललं होतं कोण जाणे. आई रडायलाच लागली. "दादा, फोनवर कधी बोलला नाहीस!"

अंगणात खड्डा खणायला घेतला. बुंदेलखंडची जमीन, फूटभर गेल्यावर पहार टणटण वाजायला लागली. कोळसा, मीठ आणि लोखंडी नळी घालून अर्थिंग पुरं व्हायला रात्रीचे आठ वाजले. मग हिरवा दिवा लागला. गोळ्या झाशीच्या दुकानातून आणल्या आणि मुक्काम केला. दोघं भावंडं अंगणात बाजेवर मध्यरात्रीपर्यंत बोलत बसली होती.

मला कोणी विचारलं तर मी सांगतो, स्वतःची पार्किंग आणि स्वतःचा मीटर असेल तरच घ्या. कॉलनीतच तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका ओळखीच्यांनी खिडकीतून वायर सोडायची परवानगी मागितली, घरमालकांनी नाही म्हटलं. त्यांनी सीएनजी घेतली, ते बरोबरच केलं. आणि बाहेरगावी जायचं असेल तर मुक्कामाच्या घरी अर्थिंग आहे का, हे आधी फोनवर विचारा. शंभर-दोनशे रुपयांचा टेस्टर मिळतो, तो मी आता डिकीतच ठेवतो.

अर्थिंगचे पैसे मामांनी मला देऊ दिले नाहीत. फ्रिज मात्र ते अजूनही चप्पल घालूनच उघडतात.