गादी आणि टेबल

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात नांदगाव पेठ येते. ज्या गावाच्या नावातच पेठ आहे, त्याची व्यापाराशी ओळख करून द्यावी लागत नाही. औद्योगिक वसाहत झाल्यापासून तर मालमोटारींची वर्दळ रात्रीही थांबत नाही. अशा गावातल्या एखाद्या दुकानात दिवेलागणीनंतर वडील रोकड जुळवीत बसलेले असतात आणि शेजारी मुलगा मोबाइलवर हिरव्या टेबलावरचा खेळ पाहत असतो. वडील मान वर न करता विचारतात, ‘‘यात मिळतं काय रे?’’ या प्रश्नात हेटाळणी नसते. ज्या घराने कापूस, सरकी, तूर, कापड असा हरेक माल हाताळला, त्या घराची ती सवयच असते. कोणत्याही वस्तूविषयी पहिला प्रश्न तोच.

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर पंकज अडवाणी यांच्या कारकिर्दीतील दोन वर्षे नीट पाहावी लागतात. त्यांनी जिंकलेली पदके सर्वांना ठाऊक आहेत. ही दोन वर्षे मात्र बहुतेकांच्या ध्यानात नाहीत.

आधी खेळाविषयी थोडे. स्नूकर साहेबाचा खेळ म्हणून ओळखला जातो, पण त्याचा जन्म सातपुड्यापलीकडे जबलपूरच्या लष्करी छावणीत 1875 मध्ये झाला. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो रूढ केला. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. 1882 मध्ये उटकमंडच्या क्लबात नियम ठरले आणि तेथून तो विलायतेला गेला. त्या काळी बिलियर्ड्सचे चेंडू हस्तिदंताचे असत आणि एका हत्तीच्या सुळ्यांतून मोजकेच चेंडू निघत. अहिंसा मानणाऱ्या घराने या खेळाकडे पाठ फिरवावी, याला तेवढे एक कारण पुरेसे होते. 1869 च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी सेल्युलॉइडचा चेंडू काढला, त्यानंतर इतर कृत्रिम पदार्थ आले आणि हस्तिदंत टेबलावरून गेले. त्यात दयेपेक्षा हस्तिदंताच्या महागाईचा वाटा मोठा होता, हेही व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटू नये.

खेळाचे गणितही दुकानदाराला आवडावे असेच आहे. लाल चेंडू पंधरा, प्रत्येकाचा एक गुण. प्रत्येक लालनंतर एक रंगीत चेंडू घ्यायचा आणि त्यात काळा सर्वांत मोलाचा, सात गुणांचा. पंधरा वेळा आठ म्हणजे 120. मग उरलेले सहा रंग क्रमाने, दोनपासून सातपर्यंत, म्हणजे 27. एकूण 147. एका डावात एकदाही न चुकता हा आकडा गाठणे म्हणजे वर्षभराचा हिशेब पहिल्या बेरजेत पैशाला पैसा जुळण्यासारखे आहे.

पंकज अडवाणी यांचा जन्म 24 जुलै 1985 रोजी पुण्यात, सिंधी कुटुंबात झाला. 1958 मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद जिंकून देणारे विल्सन जोन्स हेही पुण्यातच जन्मले होते. पंकजचे बालपण कुवेतमध्ये गेले. तेथे युद्ध पेटले तेव्हा कुटुंब भारतात परतले आणि बंगळुरूला स्थिरावले. पुढे लवकरच वडील वारले. मुलगा तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. घर आईने सावरले. थोरला भाऊ श्री स्नूकर खेळायला जाई, त्याच्यामागे धाकटा जाऊ लागला आणि बघता बघता भावाच्या पुढे गेला. अरविंद सवूर यांच्यासारखा जाणता गुरू लाभला. 2003 मध्ये चीनमधील जिआंगमेन येथे अठराव्या वर्षी तो जागतिक हौशी स्नूकर विजेता ठरला. 2005 मध्ये माल्टात बिलियर्ड्सच्या वेळेच्या आणि गुणांच्या दोन्ही प्रकारांत त्याने अजिंक्यपद मिळवले. दोहा आणि ग्वांगझू येथील आशियाई सुवर्णपदके, खेलरत्न, पद्मश्री असे सारे वयाच्या पंचविशीपर्यंत हाती आले होते.

येथे ‘हौशी’ या शब्दापाशी थांबायला हवे. त्या शब्दाने फावल्या वेळेतला खेळ डोळ्यांपुढे येतो, पण प्रत्यक्षात हौशी खेळाडूही दिवसाचे कितीतरी तास टेबलाशी उभा असतो. फरक आहे तो पोटाच्या सोयीत. भारतात चांगल्या हौशी खेळाडूला सार्वजनिक उद्योगात नोकरी मिळते. अडवाणींना ओएनजीसीने नोकरी दिली. महिन्याचा पगार ठरलेला, स्पर्धेला जायला रजा, आणि हरले तरी घरची चूल पेटती.

व्यावसायिक वर्तुळाचा व्यवहार निराळा आहे. त्याचे केंद्र इंग्लंड. शेफिल्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात 1977 पासून जागतिक स्पर्धा भरते आणि जगभरचे खेळाडू त्या देशात बिऱ्हाड करून राहतात. प्रवास, मुक्काम, सराव यांचा सारा खर्च खेळाडूचा. 128 जणांची स्पर्धा असेल तर पहिल्या फेरीत हरणाऱ्या निम्म्या खेळाडूंना अनेकदा एक पौंडही मिळत नसे. दोन वर्षांत पहिल्या चौसष्टांत स्थान टिकवले नाही तर सहसा परवाना जातो आणि पुन्हा पात्रता स्पर्धेपासून सुरुवात करावी लागते. भांडवल आपले, जोखीम आपली आणि माल न खपल्यास परतीची सोय नाही. नव्या गावात दुकान मांडलेल्या कोणालाही हे समजेल. मारवाड-गुजरातेतून वऱ्हाडात आलेल्या पहिल्या पिढीने दुसरे काय केले होते?

अडवाणींनी 2012 मध्ये ही उडी घेतली. पहिल्याच हंगामात, 2013 च्या वेल्श ओपन स्पर्धेत, ते उपांत्यपूर्व फेरीत पोचले. मात्र जगज्जेत्या हौशी खेळाडूला येथे नवशिक्याच्या रांगेत उभे राहावे लागले. भारतात ज्याच्या नावाने सभागृह भरते, तो विलायतेत एखाद्या बाजूच्या टेबलावर मोजक्या प्रेक्षकांसमोर पात्रता फेरी खेळत होता. त्यात बिलियर्ड्सची ओढ. त्या खेळात तीन चेंडू, स्नूकरमध्ये बावीस. एकात संथ लय, दुसऱ्यात नेमका प्रहार. हात एकाला सरावला की दुसऱ्याला बिचकतो.

त्याच वर्षी मुंबईत जन्मलेला आदित्य मेहता हा आणखी एक भारतीय याच वाटेवर होता. पूर्वी एकदा तो या वर्तुळात जाऊन बाहेर पडला होता, तरी पुन्हा गेला. 2013 मध्ये कोलंबियातील काली येथे जागतिक क्रीडा स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले. त्याच वर्षी दिल्लीत झालेल्या इंडियन ओपनच्या उपांत्य सामन्यात स्टीफन मॅग्वायरला त्याने 4-3 असे हरवले. मानांकन स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला. अंतिम सामन्यात चीनच्या डिंग जुनहुईने त्याला 5-0 असे हरवले. त्या दिवशी समोरचा खेळत असताना आदित्यने किती वेळ नुसता खुर्चीत बसून काढला असेल! पुढच्याच वर्षी जर्मनीतील फ्युर्थ येथे त्याने 147 चा पूर्ण डाव खेळला. व्यावसायिक स्पर्धेत असा डाव करणारा तो पहिला भारतीय.

ही खुर्ची स्नूकरमधील सर्वांत कठीण जागा आहे. इतर खेळांत प्रतिस्पर्ध्याला अडवता तरी येते. येथे एकदा चूक झाली की शांत बसायचे, पाणी प्यायचे आणि आपले नुकसान डोळ्यांनी पाहायचे. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकाला बसणाऱ्या आजीला ही अवस्था ओळखीची वाटेल, जरी ती स्वेच्छेने बसते आणि खेळाडू नाइलाजाने. याच खेळातली दुसरी रीत अशी की आपल्या बाहीचा स्पर्श चेंडूला झाला आणि पंचाला दिसला नाही, तर खेळाडू स्वतःच उठून सांगतो. सांगितले की गुण जातात, वेळप्रसंगी सामनाही. तरी सांगतात.

2014 मध्ये अडवाणींनी व्यावसायिक सदस्यत्व सोडले. घराजवळ राहायचे आणि बिलियर्ड्स, स्नूकर दोन्ही खेळायचे, असे त्यांनी ठरवले. अनेकांना ती माघार वाटली. श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा गृहस्थ स्वतः आखतो. अडवाणींनी असे काही व्रत घेतले नव्हते, पण जाणे शक्य असताना आखलेली मर्यादा आणि जाता येत नाही म्हणून मानलेली मर्यादा यांतला भेद त्यांच्या निर्णयात दिसतो. त्याच वर्षी त्यांनी लीड्समध्ये बिलियर्ड्सची दोन्ही जागतिक अजिंक्यपदे पुन्हा एकत्र जिंकली. 2018 मध्ये पद्मभूषण आले. जागतिक विजेतेपदांची संख्या आता पंचवीस ओलांडून गेली आहे.

आदित्य त्यांच्यापेक्षा अधिक काळ त्या वर्तुळात राहिला आणि पुढे तोही बाहेर पडला. दोघांत शहाणा कोण, याचा निवाडा करणे कठीण आहे. एकाने परत येऊन पदके जमविली. दुसऱ्याने तेथे टिकून राहून, आधी कोणा भारतीयाने न पाहिलेली अंतिम फेरी पाहिली. रोकडवहीत पहिल्याचे पारडे जड दिसेल. पण दिल्लीच्या त्या उपांत्य सामन्यातील शेवटचा डाव कोणत्या रकान्यात लिहायचा?

नांदगाव पेठेत दुकानाचे शटर अर्धे खाली आलेले असते. वडिलांनी रोकड बांधून ठेवलेली असते, चौविहार केव्हाच झालेला असतो. मुलाच्या हातात अजून तो हिरवा चौकोन उजळलेला असतो. वडील कुलूप हातात घेऊन क्षणभर त्याच्या खांद्यावरून डोकावतात.

‘‘किती लाल राहिले?’’

‘‘दोन. आणि मग सगळे रंग.’’

‘‘मंग होऊ दे,’’ म्हणून ते पुन्हा गादीवर टेकतात.