दहा ओळी शुद्धलेखन

‘काय रे हे अक्षर! नुसते कोंबडीचे पाय!’ हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे शाळकरी मुलांचे घर शोधून सापडायचे नाही. आपल्या आयाही हेच म्हणत आल्या आणि त्यावरचा उपायही त्यांच्याकडे ठरलेला असे : ‘बस, दहा ओळी शुद्धलेखन काढ.’ उपाय बिनपैशाचा आणि गुणकारी खरा. पण औषध जसे अनुपानासह घ्यावे लागते, तसेच याचेही आहे. मैत्रिणींनो, त्या अनुपानाबद्दलच आज चार शब्द सांगायचे आहेत.

‘आता सगळं टाइपच करायचं असतं, मग अक्षराला काय चाटायचंय?’ असे कुणी म्हणेल. पण दहावीची उत्तरपत्रिका आजही हातानेच लिहावी लागते. २०२० आणि २०२१ साली शाळा बंद असताना मुलांच्या हातात वहीऐवजी मोबाइल आला आणि अनेकांचा लिहिण्याचा सरावच मोडला. मी रोज दुपारी दोन-तीन तास प्राथमिक शाळेत शिकवायला जाते. पानभर लिहायला सांगितले की ‘बाई, हात दुखतो’ ही तक्रार मला नवीन नाही.

शुद्धलेखनाने अक्षर सुधारते हे बहुतेकींना मान्य असते. वळणासोबत संस्कारही होतात, या आशेने आपण ‘नेहमी खरे बोलावे’, ‘वडीलधाऱ्यांचा मान राखावा’ असे सुविचार मुलांना उतरवायला देतो. इथेच जरा थांबून विचार करायला हवा.

आमच्या शेजारचा एक मुलगा सहावीत होता. गृहपाठाची वही घरी राहिली अशी थाप त्याने शाळेत मारली आणि ती उघडकीला आली. शिक्षा मिळाली, ‘मी खोटे बोलणार नाही’ हे वाक्य शंभर वेळा लिहून आणायचे. पठ्ठ्याने काय करावे? आधी पानभर उभे ‘मी’ काढले, मग त्यांच्यापुढे ‘खोटे’, मग ‘बोलणार’, मग ‘नाही’. म्हणजे सलग वाक्य असे त्याने एकदाही लिहिले नाही! आणि पन्नास झाल्यावर उरलेले पन्नास चॉकलेटच्या बोलीवर धाकट्या बहिणीकडून लिहून घेतले. त्याची आई मला हे सांगताना हसत होती, पण तिचे डोळे भरून आले होते. ‘खोटं बोलू नये हे लिहितानाच खोटेपणा केलान हो त्यानं!’ ती म्हणाली.

तात्पर्य, वाक्य चांगले असले म्हणून ते हातातून मनात उतरतेच असे नाही. अक्षर सुंदर म्हणजे माणूस चांगला, हेही खरे नाही. गांधीजींचे अक्षर वाईट होते. विद्यार्थिदशेत आपण अक्षराकडे दुर्लक्ष केले, याची खंत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिली आहे आणि मुलांना आधी चित्रे काढायला शिकवावे, मग अक्षरे, असेही सुचवले आहे. पण त्यांच्या सत्यनिष्ठेला त्या अक्षराने काही बाध आला नाही!

मग शुद्धलेखनातून शील घडते ते कुठून? माझ्या मते ते लिहिण्यापेक्षा लिहून झाल्यावर ताडून पाहण्यातून घडते.

आपल्याकडे ही गोष्ट जुन्या लोकांना चांगली ठाऊक होती. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हातानेच नकलून घेत. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढे तीनशे वर्षांत एकाची नकल दुसऱ्याने करता करता तिच्यात इतके पाठभेद शिरले की १५८४ साली एकनाथांना अनेक प्रती ताडून ती शुद्ध करावी लागली. दासबोधात दशक १९ चा पहिला समास तर समर्थांनी लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे हवे, ओळी सरळ हव्यात, काना-मात्रा जागच्या जागी हव्यात, आणि पहिल्या पानावरचे वळण शेवटपर्यंत टिकायला हवे, असा त्यांचा आग्रह. दुसऱ्याचे शब्द जसे आहेत तसे, कमीजास्त न करता उतरवायचे, हा प्रामाणिकपणाचाच धडा नव्हे का?

म्हणून आमच्या घरी एक नियम आहे. शुद्धलेखन झाले की मी लाल पेन घेऊन बसत नाही. मूल स्वतःच आपली वही आणि पुस्तक शेजारी ठेवते, शब्दाशब्दावर बोट ठेवून ताडते आणि चुकलेल्या शब्दाभोवती पेन्सिलने गोल करते. खोडरबर त्या वेळी दूर! गोल केलेला शब्द समासात तीनदा नीट लिहायचा, की झाले. चुकीबद्दल रागावणे नाही, बक्षीसही नाही.

सुरुवातीला मुले भराभर बोट फिरवून ‘एकही चूक नाही’ म्हणून उठतात. तेव्हा ‘तिसऱ्या ओळीत एक आहे, शोध बरं’ एवढेच म्हणावे. शब्द दाखवू नये. महिनाभरात डोळा तयार होतो. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, एका वेलांटीने किंवा उकाराने अर्थ कसा पालटतो याची त्यांना मग गंमत वाटू लागते.

आता थोडे तयारीबद्दल. वेळ पंधरा मिनिटांचीच ठेवा, पण रोज एकच. आमच्याकडे दिवेलागणीनंतर, पाढे म्हणून झाले की बसतात. मांडी घालून चौरंगावर किंवा टेबलाशी, कसेही बसू द्या. फक्त खुर्चीवर पाय लोंबकळू देऊ नका, पायाखाली पाट द्या. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्याला उजवीकडून. आणि डावखुऱ्या मुलाचा हात बदलायच्या भरीस पडू नका. पेन्सिल टोकापासून बोटभर वर, तीन बोटांत सैल धरलेली असावी. फार दाबून लिहिले की हात लवकर भरून येतो.

एक गोष्ट इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या आयांसाठी. इंग्रजी अक्षरे खालच्या रेघेवर बसतात. आपली अक्षरे वरच्या रेघेला टांगलेली असतात. हे न सांगितल्यामुळे मुले मराठी अक्षरेही खालच्या रेघेवर बसवतात आणि ओळ वरखाली होते. लहानांना दुरेघी वही द्या, शब्द पुरा झाला की मगच त्यावर शिरोरेघ ओढायला सांगा. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची रेघ सलग ओढली की ‘घ’ आणि ‘म’ होतात, आणि ‘ख’ फाकला की ‘रव’ वाचला जातो, तेवढे दाखवून द्या.

उतरवायला काय द्यावे? कोरडे सुविचार रोज नकोत. गोष्टीतला एखादा परिच्छेद, अभंग, नद्यांची माहिती, आजीला पाठवायच्या पत्राची पक्की प्रत, वाण्याची यादी, थालिपिठाच्या भाजणीचे प्रमाण, सगळे चालते. भाजणीत धण्यांचे प्रमाण चुकीचे उतरले तर काय होते हे मुलांना जेवणाच्या पानावरच कळते! नुसते लिहून ठेवण्याचे मोलही त्यांना जरूर सांगा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि आज ती आपल्या हाती आहेत.

या ताडून पाहण्याच्या सवयीची एकदा आमच्याच घरात परीक्षा झाली. धाकटा चौथीत होता. गणिताच्या चाचणीत त्याला वीसपैकी अठरा गुण मिळाले. घरी येऊन त्याने सवयीप्रमाणे पेपर ताडला आणि म्हणाला, ‘आई, हे गणित चुकलंय. बाईंनी बरोबरची खूण केलीय.’ दोन गुणांचे गणित होते ते. हे म्हणाले, ‘जाऊ दे रे, बाईंच्या लक्षात आलं नाही ना?’ सासूबाई म्हणाल्या, ‘मिळालेलं कुणी परत करतं का!’ मलाही ते अठरा गुण गोड लागत होते, खोटे कशाला सांगू? मी एवढेच म्हटले, ‘पेपर तुझा आहे, तू ठरव.’

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना सांगितले. दोन गुण कापले गेले, वर्गातल्या मुलांनी ‘वेडा’ म्हणून चिडवले आणि स्वारी घरी आली ती तोंड फुगवून. रात्री जेवताना हे त्याला म्हणाले, ‘सोळाच, पण तुझे आहेत.’ तो काही बोलला नाही, पण त्या सोळांवर त्याने पुन्हा कधी कुरकुर केली नाही. हे सगळे शुद्धलेखनानेच घडले असा माझा दावा नाही. पण आपली चूक आपण शोधायची आणि ती दिसली की लपवायची नाही, याचा हाताला रोजचा सराव होता, एवढे मात्र खरे.

जाता जाता दोन सूचना. शुद्धलेखन शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. ज्याची धास्ती बसली, त्याची गोडी लागत नाही. आणि वर्षभर मनापासून सराव करूनही मुलाची अक्षरे सतत उलटसुलट पडत असतील, पाहून लिहितानाही ओळी गळत असतील, तर त्याला आळशी म्हणू नका. आधी डोळे तपासून घ्या, मग शिक्षकांशी बोला आणि तज्ज्ञांचा सल्ला घ्या. लेखनातली अशी अडचण बुद्धीची उणीव नसते आणि तपासणी करून घेतलेल्या मुलांना परीक्षेत सवलतीही मिळतात.

बाकी खर्च म्हणाल तर एक दुरेघी वही आणि एक पेन्सिल. आणि हो, ती पंधरा मिनिटे आपणही जवळ बसावे, वाण्याचा नाही तर दुधाचा हिशेब लिहीत. लिहून झाला की तोही मुलाच्या देखत एकदा ताडून पाहावा.