पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण ज्याच्या संसारात राम नाही त्याच्याविषयी म्हणतो. अमेरिकेत मात्र ज्यांच्या संसारात भरपूर राम आहे, तेच हौसेने असले बिऱ्हाड करतात! तिकडे त्याला आरव्ही म्हणतात. पुढे चालकाची बैठक. मागे ओटा, शेगडी, फ्रीज, संडास आणि पाच-सहा माणसांच्या निजण्याची सोय. असे हे पंचवीस फुटी घर रस्त्यावरून धावत असते. २०१९ च्या जून महिन्यात आमच्या चिरंजीवांनी असे एक घर आठवड्याच्या बोलीने भाड्याने आणायचे ठरवले. आम्ही उभयता, सूनबाई आणि आठ वर्षांचा नातू अशा सर्वांना त्यात भरून न्यू जर्सीहून वॉशिंग्टन दाखवायला न्यायचे, असा बेत होता.

गाडी ठरली, तारीख ठरली. अडले ते मुक्कामाच्या जागेपाशी.

तुम्ही म्हणाल, घरच बरोबर असताना मुक्कामाची चिंता कसली? मलाही तसेच वाटले होते. पण घर झाले तरी त्याला अंगण लागतेच. राजधानीच्या रस्त्यावर एवढे धूड उभे करायला कोण देणार? म्हणून शहराबाहेर कॅम्पग्राउंड शोधायचे, बिऱ्हाड तिथे ठेवायचे आणि रोज सकाळी आगगाडीने किंवा बसने शहरात जायचे, अशी रीत आहे.

रात्रीची जेवणे आटोपली की आमच्याकडे या विषयावर परिषद भरे. नातवाची मागणी एकच, पोहण्याचा तलाव हवा. सूनबाईंना मेट्रोचे स्टेशन जवळ हवे होते. चिरंजीवांचा भर जोडणीवर. जोडणी म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले. चांगल्या तळावर प्रत्येक गाडीच्या जागेपाशी विजेचा खांब असतो, तीस किंवा पन्नास अँपिअरचा. शेजारी नळ असतो आणि सांडपाण्याची नळीही असते. हे तिन्ही असले की गाडी आपल्या फ्लॅटसारखी वापरावी. नसले, तर टाकीतले पाणी पुरवून वापरायचे, वातानुकूलन विसरायचे आणि मैलापाण्याची टाकी भरली की ठरावीक ठिकाणी नेऊन रिकामी करायची. जनित्र असते, पण रात्री ते चालवले तर शेजारी झोपायचे कसे? म्हणून त्यावर बंदी.

चाळणी लावता लावता दोन जागा उरल्या. पहिली खाजगी. तिथे तिन्ही जोडण्या, तलाव, दुकान, दाराशी बस. फोटोत पाहिले तर शंभरेक पांढऱ्या गाड्या ओळीने उभ्या, रात्रभर दिवे, आणि पलीकडे हमरस्ता. दुसरी ग्रीनबेल्ट पार्क. हे मेरीलँडमधले जंगल १९५० पासून तिकडच्या राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. व्हाइट हाउसपासून अंतर दहा-बारा मैल. नहाणीघर आणि गरम पाणी आहे. पण गाडीला वीज नाही, नळ नाही, तलाव तर नाहीच. चिरंजीवांनी खाजगी जागेसमोर बरोबरची खूण केली.

"मला वाटतं, जंगलातली बरी," मी म्हणालो.

"बाबा, जूनमध्ये वॉशिंग्टनला काय उकडतं, कल्पना आहे का तुम्हाला? आईला त्रास होईल."

मी गप्प बसलो. आईला काय त्रास होतो, ते मला ठाऊक होते, त्याला नव्हते. आणि ते त्याला कळू नये म्हणून मी वर्षभर धडपडत होतो.

आमच्या हिला विसरायला होऊ लागले होते. दिवसा फारसे जाणवत नसे. फोनवर लेकाशी दोन मिनिटे बोलायचे, तर ती अगदी ठाकठीक बोले. पण मध्यरात्री उठून ती दाराची कडी चाचपू लागे. कुठे निघालीस विचारले, तर "घरी" म्हणे. पुण्यात मी दाराला वरून खिटी लावून घेतली होती. लेकाच्या घरी आल्यापासून मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून अर्धी रात्र काढत होतो. वाचत बसतो, झोप येत नाही, असे सांगत होतो. परदेशात राहणाऱ्या मुलाच्या जिवाला घोर कशाला? शिवाय खरे सांगायचे, तर एकदा बोललो की ते खरे होईल, अशी वेडी भीतीही होती.

त्या रात्री तो पाणी प्यायला उठला आणि मी खुर्चीत सापडलो.

"त्या शंभर सारख्या गाड्यांत ती रात्री उतरली," मी म्हणालो, "तर आपली कुठली हे तिला कसं ओळखू येईल रे? आणि तिथे तो तलाव. पलीकडे तो रस्ता."

मग सगळेच सांगून टाकले. तो पायरीवर बसून ऐकत राहिला. पुष्कळ वेळाने एवढेच म्हणाला, "हे मला कधी सांगणार होतात, बाबा?"

मजजवळ उत्तर नव्हते.

सकाळी त्याने कागद नव्याने मांडला. तळाचा नकाशा काढून गोल फिरून परत येणारा रस्ता, नहाणीघर आणि त्याच्या अगदी समोरची जागा बोटाने दाखवली. "इथे. आणि दाराजवळच्या बाकावर मी झोपणार. तुम्ही आता झोपायचं." नातवाला तलावाच्या बदली खऱ्याखुऱ्या शेकोटीचे आमिष दाखवण्यात आले.

निघालो. वाटेत बाल्टिमोर लागते. तिथल्या बंदराखालच्या बोगद्यांतून गॅसच्या मोठ्या टाक्या असलेल्या गाड्यांना जायला मनाई, म्हणून आम्ही फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून गेलो. तो पूल २६ मार्च २०२४ रोजी जहाजाचा धक्का लागून कोसळला आणि त्यावर काम करणारे सहा मजूर गेले. ती बातमी वाचली तेव्हा मला आठवली ती खिडकीला नाक लावून पाणी पाहणारी ही. "केवढी खाडी!" एवढेच ती म्हणाली होती.

ग्रीनबेल्टला उकडले, खरेच उकडले. पाणी तांब्याने मोजून वापरले. दिवसा मेट्रोच्या हिरव्या मार्गाने शहरात जाऊन लिंकनचा पुतळा आणि संग्रहालयातला हत्ती पाहिला. पण खरी गंमत गाडीत होती. लेकाच्या मोठ्या घरात बावरणारी ही त्या खोलीएवढ्या जागेत निवांत वावरत होती. ओटा हाताशी, बिछाना हाताशी, माणसे डोळ्यांसमोर. "आपली चाळीतली खोली अश्शीच होती, नाही?" तिने विचारले.

दुसऱ्या रात्री ती उठलीच. मला जाग येण्याआधी लेकाला आली. त्याने तिला अडवले नाही. हात धरून खाली उतरवले. मी मागोमाग उतरलो. दिवे नव्हते. झाडाखाली, गवतावर, सगळीकडे काजवे लुकलुकत होते.

"अहो, काजवे!" ती म्हणाली. "आता आठवड्यात पाऊस येणार. वाळवणं आत घ्यायला हवीत."

काजवे मेरीलँडचे होते आणि वाळवणे कोकणातल्या तिच्या माहेरच्या अंगणातली, साठ वर्षांपूर्वीची. मी काही बोलणार तोच लेक म्हणाला, "घेऊ हं, आई. मी घेतो, तू बस."

ती लाकडी बाकावर बसली. आम्ही दोघे तिच्या दोन बाजूंना बसलो.

आज तिला वॉशिंग्टन आठवत नाही. लेक आता वर्षातून दोनदा येतो आणि रोज रात्री आईशी नव्हे, माझ्याशी फोनवर बोलतो. मीही काही लपवीत नाही. आमच्या गावाकडची म्हातारी माणसे पंढरीच्या वाटेवर मुक्कामाची जागा ठरवताना आधी विचारीत, "आजीला रात्री उठावं लागलं तर?" त्या कागदावर आम्ही तलाव, स्टेशन, वीज, पाणी सारे लिहिले होते. हा एक प्रश्न तेवढा राहिला होता, आणि तो विचारायला मी एक वर्ष उशीर केला होता.