जोगेश्वरी ते ग्रँट रोड, व्हाया बजेट

बजेट ७० हजार! फ्रीलान्सिंगच्या पैशांतून वर्षभर साठवलेलं. मेघवाडीतल्या आमच्या एका खोलीत डेस्कटॉप ठेवायचा तर आईचं शिलाई मशीन बाहेर काढावं लागलं असतं. म्हणजे हवा गेमिंग लॅपटॉपच. दिवसा लेख, रात्री गेम्स!

ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही, म्हणून शनिवारी जोगेश्वरीहून चर्चगेट स्लो पकडली. ग्रँट रोडला ईस्टला उतरलं की चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण तोंडात जुनंच नाव.

तिसऱ्या दुकानात दोन लॅपटॉप समोर आले. दोन्हींत आरटीएक्स ४०५०, किंमत जवळपास सारखी. एकात रॅम दुप्पट. मी भुललेच होते! तेवढ्यात काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, नाव नका बघू, वॉट बघा.’ हेच ग्राफिक्स कार्ड कंपन्या ३५ ते ११५ वॉटपर्यंत कितीवरही चालवतात. वॉट कमी, तर गेम रडतखडत. स्लॉट असेल तर रॅम नंतर वाढवता येते. ग्राफिक्स कार्ड मात्र मदरबोर्डलाच चिकटलेलं. जे बदलता येत नाही, त्यावर आधी पैसे घाला, हा हिशेब पटला. कमी रॅमचा, जास्त वॉटचा घेतला. पंख्याचा आवाजही ऐकला. बाहेरच्या हॉर्नपुढे शांतच वाटला.

रात्री गेम लावला. आई झोपेतच ओरडली, ‘अगं, मिक्सर बंद कर!’

तेव्हापासून लिखाण रात्री, गेम्स रविवारी दुपारी.