काठावर पास झालेला हीरो

जितेंद्र आवडतो, असं चारचौघांत सांगायला डेअरिंग लागतं. अमिताभ म्हटलं की कुणी वाद घालत नाही. राजेश खन्ना म्हटलं की एखादी मावशी छानसा उसासा टाकते. नसीरुद्दीन म्हटलं की आपली इमेज जरा वधारते. पण जितेंद्र म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग थेट पांढऱ्या बुटांवर येतात. ‘अगं, तो? तो तर नाचाच्या नावाखाली पीटी करायचा!’

हो, तोच. ‘फर्ज’ (१९६७) मधला सीक्रेट एजंट, जो हेरगिरी कमी आणि उड्या जास्त मारतो. ‘हमजोली’ (१९७०) मध्ये लीना चंदावरकरबरोबर बॅडमिंटन खेळता खेळता अख्खं ड्युएट गाऊन टाकणारा. ‘जंपिंग जॅक’ हे बिरुद त्याला उगाच नाही चिकटलं.

आरोप खरे आहेत, हे आधीच मान्य करून टाकू. अभिनयाची त्याची रेंज लहान होती. राग आला की जबडा आवळायचा, दुःख झालं की मान फिरवायची आणि बाकी सगळ्या प्रसंगांत गोड हसायचं. शिवाय मार्कशीटवर प्रत्येक विषयात कुणीतरी त्याच्या पुढेच. अभिनयात संजीवकुमार, देखणेपणात धर्मेंद्र, नाचात शम्मी कपूर. मुलींच्या वेडेपणात तर राजेश खन्ना, जो गिरगावच्या शाळेपासूनचा त्याचा दोस्त! तरीही हा माणूस वीस वर्षांहून जास्त काळ हीरो राहिला आणि सिनेमांचा आकडा दोनशेच्या घरात नेला. बेस्ट ॲक्टरचं फिल्मफेअर एकदाही मिळालं नाही. २००३ मध्ये मिळालं ते थेट जीवनगौरव.

मग त्याच्यात आहे काय?

मला वाटतं, उत्तर गिरगावात आहे. रवी कपूर हे त्याचं खरं नाव. जन्म १९४२ चा, अमृतसरचा, पण वाढला गिरगावच्या चाळीत. घरचा धंदा सिनेमावाल्यांना खोटे दागिने पुरवायचा. त्या निमित्तानं पोरगा व्ही. शांतारामांकडे पोचला. तिथे पडेल ते काम केलं, अगदी संध्याबाईंचा डमी म्हणूनही उभा राहिला. पुढे १९६४ मध्ये बापूंनीच त्याला ‘गीत गाया पत्थरों ने’चा हीरो केलं आणि जितेंद्र हे नावही दिलं. म्हणजे दुसऱ्याच्या, तेही हिरॉइनच्या जागी उभं राहून कॅमेऱ्यासमोर आलेला हा माणूस. ‘हे सगळं माझ्या हक्काचं आहे’ असा भाव त्याच्या चेहऱ्यावर मला कधीच दिसत नाही. दिसतो तो पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवसाचा उत्साह. गाणं कितीही बाष्कळ असो, बाई कितीही सुंदर नाचत असो, हा आपला घाम गाळून तिच्या बरोबरीनं राहायचा प्रयत्न करत असतो. स्टेप जमली नाही तर निदान उडी तरी उंच मारतो. त्याच्यावर हसता हसता आपण कधी त्याच्या बाजूनं होऊन जातो, कळतच नाही.

या मर्यादा नीट ओळखल्या त्या गुलजारनी. ‘परिचय’ (१९७२), ‘खुशबू’ (१९७५) आणि ‘किनारा’ (१९७७) या तिन्ही सिनेमांत त्यांनी त्याच्या उड्या काढून घेतल्या आणि त्याला चक्क शांत बसवलं. ‘परिचय’मध्ये तो पाच वांड मुलांचा मास्तर आहे. आधीच्या मास्तरांना पळवून लावणारी ही मुलं याच्याही खोड्या काढतात आणि हा त्यांच्यावर डाफरण्याऐवजी त्यांच्यातलाच होऊन जातो. इथे भारी अभिनय लागत नाही, माणूस मनापासून चांगला वाटावा लागतो. ती गोष्ट जितेंद्रकडे आयतीच होती. ग्रेट ॲक्टरनं कदाचित तो मास्तर ‘करून दाखवला’ असता.

आता दुसरी बाजू. १९८२ मध्ये त्यानं स्वतः काढलेला ‘दीदार-ए-यार’ दणकून आपटला आणि त्याला जबर फटका बसला. मग त्यानं साऊथची वाट धरली. १९८३ चा ‘हिम्मतवाला’ तेलुगूवरून बेतलेला आणि तुफान चालला. त्यामागोमाग ‘मवाली’, ‘तोहफा’ अशी रांगच लागली. समुद्रकिनारी मांडलेली रंगीबेरंगी मडकी, कादर खानची पाचकळ जुगलबंदी, चाळिशीतला जितेंद्र आणि समोर एकोणीस वर्षांची श्रीदेवी. या सिनेमांची बाजू मी घेणार नाही. त्यातलं बरंचसं आज बघवत नाही, आणि ‘कर्ज फेडायचं होतं’ म्हटल्यानं ते बघणेबल होत नाही. पण एक लक्षात घ्या. पडल्यावर तो रुसून घरी बसला नाही, की जमाना माझ्या लायकीचा नाही म्हणाला नाही. पुन्हा शिफ्टवर हजर झाला.

आपल्या पिढीला हे अवघड जातं. शाळेपासून आपल्याला सांगितलंय, पॅशन शोधा, बेस्ट व्हा. मग ऑफिसात अप्रेझल येतं, बेल कर्व्ह येतो आणि कळतं की आपण मधल्या फुगवट्यात आहोत. बहुतेक सगळेच तिथे असतात, तो कर्व्ह बनतोच तसा. तिथे पोचल्यावर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. काही जण कडवट होतात, काही जण टॅलंटचं सोंग आणतात. मी फ्रीलान्सर आहे. मला माहितीये, मला कामं मिळतात ती माझ्या भाषेवर कुणी फिदा आहे म्हणून नव्हे, कॉपी वेळेत येते आणि फोन केला की मी उचलते म्हणून. आधी हे फार टोचायचं. अजूनही कधी कधी टोचतं, विशेषतः दुसऱ्या कुणाचा लेख वाचून पोटात खड्डा पडतो तेव्हा. पण आपण ग्रेट नाही हे कळल्यावरही आनंदानं काम करता येतं, याचा पुरावा पडद्यावर पांढरे बूट घालून नाचताना दिसतो, तेव्हा जरा बरं वाटतं.

पटत नसेल तर एखाद्या रविवारी दुपारी ‘खुशबू’ बघा. सिनेमा हेमामालिनीचा आहे, तिच्या कुसुमचा. जितेंद्र आहे चष्मा लावलेला, मिशीवाला गावचा डॉक्टर. लहानपणी ठरलेलं नातं पुन्हा जोडायला तो येतो, पण कुसुमला नुसतं बोलावणं नको असतं, मान हवा असतो. दुसरा एखादा स्टार असता तर त्यानं मोठं भाषण ठोकून सीन खाल्ला असता. हा गप्प उभा राहतो, ऐकून घेतो आणि सगळी जागा तिला देतो. पुढच्या वेळी कुणी पांढऱ्या बुटांवरून हसलं, तर त्याला हा सीन दाखवा.